इकडची पद्धत

दीक्षाने पुढ्यात दोन बाटल्या ठेवल्या तेव्हा राधिकाला वाटलं, त्यातली एक मागच्या बाकावरच्या बाईची असेल. अंगठ्याएवढ्या, प्लास्टिकच्या, एकीचं झाकण जांभळं, दुसरीचं पांढरं. पण दोन्हींवर एकच आकडा चिकटवलेला होता आणि तो आकडा म्हणजे तीच होती. सरकारी दवाखान्याच्या मागच्या अंगाच्या या खोलीवर पाटी नव्हती, नुसता नंबर होता, आणि आत येणाऱ्यालाही नाव नव्हतं, नंबर होता. बाहेर कुणी विचारलंच तर टीबीची ओपीडी शेजारी आहे असं सांगायची सोय होती. एचआयव्ही हा शब्द इथे भिंतींवर मोठ्या अक्षरांत होता, तोंडात मात्र कुणाच्याच नसे. “जांभळ्यात रक्त, ते मी काढते,” दीक्षा म्हणाली, “पांढऱ्यात दूध. ते तुम्ही पडद्यामागं जाऊन आणा, ताई. चमचाभर पुरे.” राधिका हसली. “दूध कशाला? माझ्या रक्ताचा रिपोर्ट आहे की. काही सापडलं नाही त्यात.” हे ती थोडं तोऱ्यातच म्हणाली. रक्तात विषाणू किती ते सांगणारा तो रिपोर्ट तिने खाजगी लॅबमधून करवून घेतला होता आणि त्याची घडी तिच्या पर्समध्ये देवाच्या अंगाऱ्यासारखी कायम असायची. दीक्षा इथल्याच गुढियारी भागातली, रेल्वेवाल्याची मुलगी, कुठल्याशा अभ्यासासाठी महिन्याभरापूर्वी इथे बसायला लागलेली, बोलायला गोड. रबरी पट्टी राधिकाच्या दंडाला बांधता बांधता ती म्हणाली, “म्हणूनच तर पाह्यचं हाय. रक्तातला विषाणू आणि दुधातला एकच असते असं थोडीच आहे?”

एवढंच. सुई टोचली तेही राधिकाला कळलं नाही. समोरच्या खिडकीच्या जाळीत एक चिमणी काडी अडकवायचा प्रयत्न करत होती, काडी पडत होती, चिमणी पुन्हा आणत होती, आणि राधिका ते बघत होती. “म्हणजे?” तिने विचारलं. “म्हणजे असं पाहा,” दीक्षा रक्ताची बाटली तळहातांत फिरवत म्हणाली, “माझे आजोबा भंडाऱ्याहून इकडं रेल्वेत आले. त्यांचा भाऊ तिकडंच राह्यला. आता त्याची नातवंडं आली की मले हसतात. मी ‘हो’ला हव म्हणते, भैया-दीदी करते. आडनाव एक, आजा एक, बोलणं पाहा तर अलग. ह्याचंही तसंच हाय. शरीरात शिरतो तो एकच. मग रक्तात राहणारा तिथलं पाहून बदलते, दुधात उतरलेला तिथलं पाहून बदलते. कधी थोडा, कधी बराच, कधी काहीच नाही. तेच तपासायचं आहे.” “पण रक्तात सापडलाच नाही तर?” “तर बहुतेक दुधातही नाही. तुम्ही गोळ्या टायमावर घेता, बाळाचा पहिला रिपोर्टही चांगला आला, तुम्हाले घाबरायचं कारण नाही, ताई. पण नाहीच असं कोणी लिहून देत नाही.”

बहुतेक. पडद्यामागच्या स्टुलावर बसून, पदर बाजूला करून, राधिका तो शब्द जिभेवर घोळवत राहिली. बहुतेक या शब्दाला चव नव्हती, पण वास होता; फिनाईलचा. तिला हे ठाऊक असायला हवं होतं. अकोल्याच्या कॉलेजात तिने मायक्रोबायोलॉजी घेऊन बी.एस्सी. केली होती. एक मूळ जात वेगवेगळ्या जागी जाऊन पडली की तिच्या पिढ्या कशा निरनिराळ्या होत जातात, यावर तिने आकृतीसकट उत्तर लिहिलं होतं, आणि बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं होतं. मग ते सगळं कुठे गेलं? शिकलेलं माणूस आपल्या अंगावर आलं की अडाणी होतं हेच खरं. रिपोर्टवरची एक ओळ वाचून तिने सगळ्या अंगाचा निकाल लावून टाकला होता, जणू अंग म्हणजे एकच हंडा आणि वरचं पाणी चाखलं की तळाचं कळलं. दुधाची धार बाटलीच्या काठावर आपटून हातावर उडाली. निळसर, पातळ, कोमट. किती साधं दिसतं हे. रक्त निदान लाल तरी असतं, काही घडलंय असं सांगतं तरी. आणि मग ती वाटी तिला आठवली. आठवली म्हणजे काय, ती वाटी कालपासून तिथेच होती, मनाच्या फळीवर पालथी. आता कुणीतरी ती सरळ केली.

काल सकाळी शेजारची कमलाभाभी आली होती. बुढापाऱ्यातल्या त्यांच्या गल्लीत त्या आठवड्यात घरटी एकाचे तरी डोळे आलेले. सदर बाजारातले सराफसुद्धा काळे चष्मे लावून गल्ल्यावर बसलेले. कमलाची पिंकी, पाच वर्षांची, रोज “बाबू को दिखाओ ना चाची” म्हणत राधिकाच्या तान्ह्या निरूला बघायला येणारी, ती आईच्या खांद्यावर तोंड खुपसून रडत होती. पापण्या चिकटून गेलेल्या. कमला ओट्यावरूनच सासूबाईंना म्हणाली, “काकी, बहू का थोड़ा दूध दे दो ना. पहलौठी का, वो भी लड़के की माँ का, उससे अच्छी दवाई नहीं. हमारी दाई तो यही डालती थी.” डोळ्यांत पहिलटकरणीच्या दुधाचे थेंब घालायचे, हे अकोल्यालाही होतं. राधिकाच्या स्वतःच्या डोळ्यांत शेजारच्या बाईचं दूध घातलेलं तिची आई कौतुकाने सांगायची. नाही म्हणायला कारण काय? दूध कमी आहे म्हणावं तर निरू गुटगुटीत. त्याच्या दुधाचा निर्णय तिने डॉक्टरांशी बोलून, रात्र रात्र जागून घेतला होता. वरचं दूध दिलं तर सगळी गल्ली विचारेल, पाण्याने बाळ आजारी पडेल ते वेगळंच. तेव्हा फक्त अंगावरचं, आपल्या गोळ्या चालू, बाळाला रोज औषधाचे थेंब. निरूचं तिने पत्करलं होतं. पिंकीचं कुणी पत्करलं होतं? आत येऊन सासूबाई तिच्यापुढे स्टीलची वाटी धरून उभ्या राहिल्या. त्यांनी वाटी पदराच्या शेवात धरली होती, हे राधिकाने पाहिलं होतं. “दे थोडंसं,” त्या म्हणाल्या, “बाहेर वाट पाहून राह्यली.” राधिकाने त्यांच्याकडे पाहिलं, मग पर्सकडे. रक्तात सापडला नाही. सापडला नाही, सापडला नाही, असं मनाशी घोकत तिने वाटीच्या तळाला दूध काढलं. सासूबाई वाटी घेऊन बाहेर गेल्या, कापसाचा बोळा घेऊन. निरू मांडीवर होता, म्हणून ती उठली नाही. पिंकीची किंकाळी ऐकू आली, मग कमलाचं “हो गया, हो गया”, मग काही नाही.

“ताई, झालं का?” दीक्षाने पडद्याबाहेरून विचारलं. राधिकाने पांढरं झाकण घट्ट लावून बाटली बाहेर दिली, आणि ब्लाउजची बटणं लावता लावता, अगदी भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं, “समजा, हे दूध कोणाच्या डोळ्यांत गेलं तर?” “कोणाच्या?” “कोणाच्या नाही. सहज. लोक घालतात ना.” “हव, घालतात,” दीक्षा म्हणाली. तिने पडदा सारला नाही, हे तिचे उपकारच. “धोका नसल्यातच जमा समजा. पण तुम्ही मले विचारलं तर मी म्हणीन, डॉक्टरांले दाखवावं. मूल आणावं. त्यांना वाटलं तर औषध देतील. पण ते लवकर द्यावं लागते, आज-उद्यात. मग देऊन उपयोग नाही.” राधिका बाहेर आली. दीक्षाने तिच्याकडे पाहिलं नाही, बाटल्या थर्माकोलच्या डब्यात उभ्या करत राहिली, एकीला एक लावून, बहिणींसारख्या. “आणीन तर काय म्हणून आणू?” हा प्रश्न राधिकाच्या ओठांपर्यंत आला आणि तिथूनच परत गेला. कारण उत्तर तिला ठाऊक होतं. खरं म्हणून आणावं लागणार होतं.

शेअरच्या ऑटोत ती कोपऱ्यात बसली. छत्तीसगडची राजधानी होऊन दहा-अकरा वर्षं झाली तरी हे शहर अजून नवऱ्या मुलीसारखं नटायचंच चाललं होतं. एका बाजूचा रस्ता उकरलेला, दुसऱ्या बाजूला होर्डिंगावर नव्या राजधानीचं चित्र, त्यात हिरवळ आणि हिरवळीवर गोऱ्या मुलांची फॅमिली. ऑटोवाला खड्ड्याला शिव्या देत होता. शेजारच्या बाईच्या मांडीवर कोंबडीची टोपली होती. या गावी लग्न होऊन ती आली तेव्हा तिला गंमत वाटली होती. नागपूर-भंडाऱ्याकडची ही मराठी घरं, दोन-तीन पिढ्यांपूर्वी नोकरीपायी इकडे आलेली. मराठीच, पण जरा निराळी. सासूबाई मले-तुलेत हिंदी मिसळून बोलायच्या, नवरा, पराग, आईने मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर द्यायचा, “पता नहीं” हे त्याचं पेटंट उत्तर. आणि चालीरीती तर अशा की अकोल्याला कुणी ऐकल्या नव्हत्या. लग्नाला आठवडा झाला नसेल, विळीवर वांगी चिरताना तिचं बोट कापलं. थेंबभर रक्त. सासूबाई धावत आल्या, हळद लावली, आणि परातभर वांगी उचलून थेट बाहेरच्या कचरापेटीत. गाईला सुद्धा नाही घातली. “नव्या नवरीचं रक्त लागलेली भाजी घरात खात नाहीत,” त्या म्हणाल्या, “इकडची पद्धत हाय.” परागचं दाढीचं सामान झाकणाच्या डब्यात, वर उंच, सवाष्णीनं त्याला हात लावायचा नाही, इकडची पद्धत. त्याचं ताट नाव कोरलेलं, वेगळं. घरच्या कर्त्याचं ताट उष्टं करायचं नाही, इकडची पद्धत. त्याचा टॉवेल आई स्वतः धुणार, सुनेनं पहिलं मूल होईपर्यंत धुवायचा नाही. आणि रात्री जेवण झालं की त्या त्याच्या हातावर गोळी ठेवायच्या. लहानपणापासून रक्त कमी आहे त्याचं. तो कधी घ्यायचा, कधी गंजीफ्रॉकच्या खिशात विसरायचा. राधिकाने आईला फोनवर हे सगळं हसत हसत सांगितलं होतं. आई म्हणाली होती, “असेल बाई. ज्या गावची जी रीत.” राधिकाने तर मनातल्या मनात त्याचा सिद्धांतच बांधला होता, मुळापासून तुटून दूर पडलेला गट, त्याच्यात आपोआप काही फरक साठत जातात, कुणी ठरवून नाही करत, पिढ्यांच्या ओघात होतात. कॉलेजातलं उत्तर. बाईंनी तेही वाचून दाखवलं असतं.

आणि पहिलं बाळंतपण. ते तर आईच्या फार जिव्हारी लागलं होतं. जगभर लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते. आईने डिंक आणून ठेवला होता, खाटेच्या सुतळ्या ताणून घेतल्या होत्या. सासूबाईंनी फोनवर गोड आवाजात सांगितलं, “आमच्यात पहिलं सासरीच करतात, विहीणबाई. इकडची पद्धत पडली.” राधिकाला तेव्हा सुटल्यासारखंच झालं होतं, कारण तोवर तिला कळलं होतं. दवाखान्यात नाव नोंदवायला गेली तेव्हा सगळ्या गरोदर बायकांचं घेतात तसं रक्त घेतलं, आणि पुढच्या खेपेला तिला एकटीला आतल्या खोलीत बसवलं. परागला बोलावून घेतलं. त्याचंही रक्त घेतलं. त्याचाही तसाच आला. तो कसा रडला होता! दोन्ही हातांनी तोंड झाकून, खांदे हलवत, “मुझे सच में नहीं पता, राधिका, कहाँ से, कैसे, सैलून में, या वो दाँत निकाला था तब, भगवान कसम.” पंख्याचा आवाज, समोर भिंतीवर हसणाऱ्या कुटुंबाचं पोस्टर, आणि राधिकाला स्वतःचं काही कळेचना, तिने आधी त्याचं डोकं आपल्या पोटाशी घेतलं, त्या पोटाशी जिथे निरू होता. समजूत तिने घातली होती! त्याला! “आई को मत बताना,” तो म्हणाला होता, “वो मर जाएगी.” मग तिनेच सगळं सांभाळलं. गोळ्या शतावरीच्या डब्यात, स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर. घरातला प्रत्येक डबा उघडून हुंगून बघणाऱ्या बाईने तो एक डबा कधी उघडला नाही, याचं तिला नवल वाटायचं, आणि ती त्याला आपलं नशीब म्हणायची.

बुढा तालाबाच्या वळणावर ऑटो थांबला. पाण्यावर हिरवा तवंग होता, काठावर भेळवाला आपला टोपला मांडत होता. उतरून ती तशीच उभी राहिली. सांगायचं तर काय होईल, हे तिला आत्ता, या उन्हात, सिनेमासारखं दिसत होतं. कमला आधी समजणार नाही. मग समजेल, तेव्हा पिंकीला छातीशी धरून दोन पावलं मागे सरेल. संध्याकाळपर्यंत गल्ली. रात्रीपर्यंत घरमालक. परागच्या ऑफिसात सोमवारी. निरूला कुणी उचलून घेणार नाही. आज त्याचे मुके घेणाऱ्या बायका त्याच्या पाळण्याजवळ फिरकणार नाहीत. सासूबाई मरतील की काय, देव जाणे. आणि न सांगितलं तर? न सांगितलं तर काहीच होणार नाही, बहुतेक. पिंकी रोज येईल. बाबू को दिखाओ ना चाची. आणि राधिका दर वेळी आधी तिचे डोळे बघेल. ताप आला, तिचे डोळे बघेल. वजन उतरलं, बघेल. पोरगी शाळेत जाईल, तिचं लग्न ठरेल, आणि राधिका म्हातारी होऊन ओट्यावर बसलेली तिचे डोळे बघत असेल. परागने आपल्याला दिलं ते न कळता दिलं, असं ती रोज स्वतःला सांगत आली होती. त्यावरच तर ती त्याच्या शेजारी झोपू शकत होती. कळून गप्प बसणारं माणूस वेगळं. ते आपण नाही. ब्लाउज ओला व्हायला लागला होता. निरूची वेळ झाली होती. अंगाला घड्याळ कळतं, बाकी काही कळत नाही.

गल्लीत शिरताना तिने वाक्य तयार केलं. हिंदीतच, कारण ते परक्या भाषेत सोपं जाणार होतं.

ओट्यावर सासूबाई निरूला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. खाली पायरीवर कमला लसूण सोलत होती आणि पिंकी, डोळे उघडे, एक अजून लालसर, निरूच्या तळपायाला गुदगुल्या करत होती. “आ गई बहू!” कमला ओरडली, “देख, तेरे दूध ने क्या जादू किया. कल तो आँख खुल नहीं रही थी छोकरी की. अब देख, सुबह से किसी को चैन से बैठने नहीं दे रही.” पिंकीने खुशीत दोन्ही डोळे बोटांनी ताणून दाखवले. राधिकाने चपलाही काढल्या नाहीत. “भाभी, मुझे आपसे एक बात करनी है. पिंकी को आज ही मेरे साथ अस्पताल...” “राधिका,” सासूबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण निरूला खांद्यावर टाकून त्या उठल्या आणि त्यांच्या मोकळ्या हाताने राधिकाचं कोपर धरलं. म्हाताऱ्या बाईच्या हातात एवढा जोर असतो हे राधिकाला ठाऊक नव्हतं. “आंधी पोराले घे. भुकेजला हाय. कमला, तू बैठ, ये धूप से आई है, सर चकरा रहा होगा.”

स्वयंपाकघरात आल्यावर त्यांनी दार लोटलं. कढीला नुकती फोडणी दिलेली, हिंगाचा वास भरलेला. “काय सांगून राह्यली होती तिले?” राधिकाने भिंतीला पाठ टेकली. हीच ती वेळ, हिला आता कळणार, ही इथेच कोसळणार, असं वाटून तिने आधी निरूला त्यांच्या हातून काढून घेतलं. “आई, ते दूध,” ती म्हणाली, “ते पिंकीच्या डोळ्यांत घालायला नको होतं. का ते मी सांगते, पण तुम्ही आधी खाली बसा.” सासूबाई बसल्या नाहीत. त्यांनी ओट्यावरचं फडकं घेतलं आणि न सांडलेली कढी पुसायला लागल्या. “नाही घातलं,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“नाही घातलं म्हणतो ना. मोरीत ओतलं. वरून फिनाईल ओतलं. पोट्टीच्या डोळ्यात मेडिकलातले थेंब घातले. गल्लीत डोळे आले तवाच आणून ठेवले होते, मले माहीत होतं, कोणी ना कोणी मांगाले येईनच. बोटली कमरेले होती. ती रडे, कमला तिचे हात धरून बसली, कोण पाह्यते काय टाकलं तं.”

राधिका तिथेच, गॅसच्या सिलिंडरशेजारी जमिनीवर बसली आणि हसली; खरोखर हसली, निरूच्या टाळूवर तोंड टेकून. पिंकीला काही झालेलं नव्हतं. तवंगाखालचं पाणी, टोपलीतली कोंबडी, होर्डिंगावरची फॅमिली, सगळं जग एकदम धुऊन काढल्यासारखं झालं. बस, एवढं एक. बाकी काही का होईना. निरूने तोंड उघडून छाती शोधायला सुरुवात केली, तिने त्याला पाजायला घेतलं, दूध आलं, आणि त्या पहिल्या ओढीच्या कळीबरोबरच दुसरी गोष्ट तिच्यापुढे येऊन उभी राहिली. पहिलीच्या शेजारी, पांढऱ्या झाकणाची.

“काहून ओतलं?” तिने विचारलं. कितीतरी वर्षांत तिच्या तोंडून अकोल्याचं काहून निघालं नव्हतं. सासूबाई पुसत होत्या. “आई, काहून ओतलं तुम्ही?”

“तुले माहीत नाही का?”

“मला माहीत आहे. तुम्हाला कधीपासून माहीत आहे?”

फडकं थांबलं. बाहेर पिंकी कुठलंसं गाणं म्हणत होती, एकच ओळ, परत परत. “नागपूरले नोकरी होती त्याची,” सासूबाई भिंतीशी बोलल्यासारख्या म्हणाल्या, “तवा कावीळ झाली. भरती केलं. तवाच रक्त तपासलं.”

“कधी?”

“झाले आता.”

“कधी, आई?”

“तुह्या लग्नाच्या आंधी.” मग त्या वळल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, रागच होता, हक्काचा. “डॉक्टर म्हणे, गोळ्या घेतल्या तं माणूस जगते. मी म्हटलं, जगते तं संसार काहून नाही करन? लोकायचे पोट्टे काय काय करतात आन् बोहल्यावर चढतात. मी मेल्यावर त्याले कोण पाहीन? गोळ्या देत होती ना मी हातावर. नाही घेतल्या त्यानं बरोबर, त्याले मी काय करू? तुले काही कमी पडू देलं का मी? विळीवर बोट कापलं तुह्यं, मीच धावली. आजपावेतो कोणाले हू का चू होऊ नाही देलं. लेकीवानी जपलं तुले.”

लेकीसारखं. राधिका त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. विळीवर बोट कापलं तेव्हा ती या घरात आठवडाभराची होती. आठवडाभराच्या नवरीचं रक्त हिने कचरापेटीत टाकलं होतं, गाईलासुद्धा न घालता. म्हणजे तेव्हाच हिने हिशेब केला होता की आता या मुलीच्यात उतरलं असेल. आणि मग हळद लावली होती. फुंकर घातली होती. दाढीचा डबा, कोरलेलं ताट, टॉवेल, माहेरी न पाठवलेलं बाळंतपण. एकेक करून ते सगळं आपापल्या जागेवरून उठून आलं आणि स्वयंपाकघरात दाटीने उभं राहिलं. यातलं काहीही इकडचं नव्हतं. भंडाऱ्याचं नव्हतं, नागपूरचं नव्हतं, छत्तीसगडचं नव्हतं. पिढ्यांच्या ओघात काही साठलं नव्हतं, आपोआप काही झालं नव्हतं. एका बाईने, गरज पडेल तशी, उभ्या उभ्या, एकेक रीत घडवली होती, आणि शिकलेल्या सुनेने तिचा सिद्धांत बांधला होता. आणि तो, तोंड झाकून रडणारा. बोटांच्या फटीतून त्याला काय दिसत असेल? “मुझे सच में नहीं पता.” तिने त्याचं डोकं पोटाशी घेतलं तेव्हा त्याने सुटकेचा श्वास टाकला होता, गरम, साडीतून लागला होता, ती त्याला दुःख समजली होती. निरू चुटूचुटू पीत होता. त्याला तिने बाजूला करायला हवं होतं का, ओरडायला हवं होतं का, कढीचं पातेलं उचलायला हवं होतं का, तिला कळेना. तिच्या अंगाला यातलं काहीच कळलेलं नव्हतं. ते आपलं दूध सोडतच होतं, डावीकडून तो पीत होता आणि उजवीकडून कुणी न मागता गळत होतं.

“बहू!” दारावर थाप पडली. कमला. “सो गई क्या? अरे सुन ना, इसकी एक आँख में अभी लाली है. थोड़ा सा और दे देती, बस एक बार. कटोरी मैं घर से ले आई हूँ, धुली हुई.”

सासूबाईंनी राधिकाकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या नजरेत हुकूम नव्हता. हात कमरेकडे गेला होता, थेंबांची बाटली चाचपत, पण वाटी आता कमलाच्या हातात होती, आणि कमला या वेळी स्वतः घालणार होती. काहीतरी सांगायला हवं होतं, आणि म्हातारीला सुचत नव्हतं. ओठ हलत होते. राधिकाला ते बघवेना आणि त्यावरून नजरही काढवेना. सांग ना, तिच्या मनात आलं, सांग आता, तुझ्याकडे तर प्रत्येक गोष्टीला एक रीत असायची. दार उघडून सगळं सांगून टाकावं, अगदी पहिल्या वांग्यापासून, असं वाटलं. पिंकीसाठी आता सांगायची गरज उरली नव्हती, आता ते स्वतःसाठी असतं. मांडीवर निरूने दूध सोडून, तोंड भरलेलं, वर बघून हसायचा प्रयत्न केला.

ती उठली. पदर नीट केला, ओला भाग झाकला जाईल असा. दार अर्धं उघडलं. बाहेर कमला दोन्ही हातांत पितळी वाटी धरून उभी होती, घासून लखलखीत केलेली, आणि तिच्या साडीमागून पिंकी, एक डोळा लाल, एक पांढरा.

“नहीं भाभी,” राधिका म्हणाली, “दोबारा नहीं देते. डॉक्टर की दवाई डाल दो इसे, मैं नाम लिख देती हूँ.”

“क्यों? कुछ होता है क्या दोबारा देने से?”

आत सासूबाई दाराआड येऊन उभ्या राहिल्या होत्या.

“हमारे यहाँ नहीं देते,” राधिका म्हणाली. आवाज तिचाच होता, गोड होता. “पद्धत है हमारी.”

कमलाने वाटीकडे पाहिलं, मग ती उगीच पदराला पुसली आणि समजूतदारपणे मान हलवली. “हव,” ती म्हणाली, “जिस घर की जो रीत.”